मॅडिसनच्या संमेलनांतील एक दिवस

संमेलन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें मांडव उभा राहतो. अध्यक्षांची मिरवणूक, स्वागताध्यक्षांचें लांबलेलें भाषण, ठराव, आणि पंगतींविषयींच्या तक्रारी, एवढें झालें कीं संमेलन पार पडलें असें समजावयाची वहिवाट आहे. श्रोतेहो, आज ज्या संमेलनाची हकीकत सांगावयाची आहे त्यांत मांडव नव्हता, मिरवणूकही नव्हती. खाण्यापिण्याला मात्र तेथें मोठें स्थान होतें. इतकें कीं त्या संमेलनांत जन्मलेलें एक नामांकित वाङ्मयीन पारितोषिक केक आणि बिस्किटें विकून उभें राहिलें.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन या संस्थानाची राजधानी मॅडिसन. मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर हें गांव वसलें आहे. गांव विद्यापीठाचें, तेव्हां वाचणाऱ्या व वाद घालणाऱ्या मंडळींची तेथें वाण नाहीं. अशाच कांहीं तरुण मंडळींनीं 'जेनस' नांवाचें एक हौशी नियतकालिक चालविलें होतें. त्यांच्याच खटपटीनें १९७७ सालच्या फेब्रुवारींत तेथें विज्ञानकथांच्या चाहत्यांचें पहिलें 'विस्कॉन' संमेलन भरलें. विज्ञानकथांचीं संमेलनें अमेरिकेला नवीं नव्हतीं. परंतु त्या संमेलनांत बोलणारे बहुतेक पुरुष, आणि कथांतील स्त्रिया म्हणजे राक्षसाच्या तावडींतून सोडवून आणावयाच्या राजकन्या. मॅडिसनच्या मंडळींनीं कॅथरिन मॅक्लीन या लेखिकेला आणि कॅनडांतून स्त्रीवादी विज्ञानकथांचें एक छोटें मासिक चालविणाऱ्या अमँडा बँकिअर यांना पाहुण्या म्हणून बोलाविलें. भविष्यकाळाच्या कथांत स्त्रीचें स्थान काय, हा प्रश्न त्यांनीं कोपऱ्यांतून उचलून मध्यभागीं ठेवला. १९९५ पासून हें संमेलन मे महिन्याच्या अखेरच्या सुटींत, राज्यसभागृहाजवळच्या कॉन्कोर्स नांवाच्या हॉटेलांत भरूं लागलें.

अशा संमेलनांत एक दिवस कसा जात असे, हें पाहण्यासाठीं श्रोत्यांनीं तीन मैत्रिणी कल्पाव्या. साल २००७, वार शनिवार. एक रुग्णालयांतील परिचारिका आहे, दुसरी सार्वजनिक ग्रंथालयांत काम करते, आणि तिसरी शाळेंत पदार्थविज्ञान शिकविते. तिघी शिकागोच्या, पन्नाशीच्या अलीकडच्या. शिकागोहून मॅडिसन सुमारें दीडशें मैल. पहांटे मोटारींतून निघाल्या कीं न्याहारीच्या वेळीं त्या गांवांत पोहोंचतात. शिक्षिकेच्या पिशवींत टंकलिखित केलेली एक कथा आहे. ती तिनें दोन मासिकांकडे पाठविली होती. दोन्ही ठिकाणांहून परत आली. कथेवर तिनें पूर्ण नांव घातलेलें नाहीं, नुसतीं आद्याक्षरें घातलीं आहेत. ग्रंथपालबाईंना हें पसंत नाहीं, आणि सबंध वाटभर त्यांनीं तें बोलून दाखविलें आहे.

शनिवारीं सकाळीं सभागृहाच्या चौकाभोंवतीं शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९७२ पासूनची ही प्रथा आहे. पांढऱ्या घुमटाच्या त्या भव्य इमारतीभोंवतीं लोक बाजार करीत फिरतात तें अपसव्य, म्हणजे आपल्या देवळांतील प्रदक्षिणेच्या नेमकें उलट. सरळ दिशेनें जाऊं पाहणारा नवखा मनुष्य गर्दीला आडवा येतो आणि हंसें करून घेतो. येथें ताज्या चीजचे तुकडे मिळतात. ते दांतांखालीं चावतांना चीं चीं असा आवाज करतात आणि तो आवाज हीच ताजेपणाची खूण समजली जाते. परिचारिकेनें त्याचा एक पुडा घेतला, आणि तो संपेपर्यंत तिघींपैकीं कोणीही वाङ्मयाची गोष्ट काढली नाहीं.

हॉटेलांत शिरल्यावर पहिलें काम नांवनोंदणीचें. गळ्यांत अडकविण्याची एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर कोणतें नांव असावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. घरचें, दारचें, टोपण, वाटेल तें. शिक्षिका लेखणी हातांत घेऊन बराच वेळ उभी राहिली. या संमेलनाची व्यवस्था पाहण्यासारखी असे. एका बाजूला मुलें सांभाळण्याची खोली होती. आईला चर्चा ऐकावयाची असेल तर मूल तेथें ठेवावें. सभेच्या खोल्यांत जमिनीवर निळ्या चिकटपट्टीनें चौकोन आंखलेले असत. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठीं त्या जागा मोकळ्या ठेवावयाच्या. वरच्या मजल्यावर चहा-कॉफी आणि फराळ दिवसभर फुकट. ज्या घरकामाला व्याख्यानांत कोणी हिशेबांत धरीत नाहीं, तें येथें व्यवस्थापकांनीं प्रथम हिशेबांत धरलें, आणि मगच व्याख्यानांची आंखणी केली. आपल्याकडील संमेलनांच्या चिटणिसांनीं ही गोष्ट टिपून ठेवण्यास हरकत नसावी.

चर्चा एकाच वेळीं अनेक खोल्यांत चालत, प्रत्येक सुमारें सव्वा तासाची. विषय सभासदांनींच सुचवावयाचे. शिक्षिका ज्या खोलींत बसली तेथें वाद उर्सुला ले ग्विन यांच्या एका जुन्या कादंबरीवर आला. १९६९ सालच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरींत गेथेन नांवाचा एक हिमाच्छादित ग्रह आहे. तेथील माणसें महिन्यांतील बहुतेक दिवस ना स्त्री ना पुरुष अशीं असतात; थोडेच दिवस त्यांना एक किंवा दुसरें रूप येतें, आणि कोणतें येईल तें आधीं ठाऊक नसतें. तेव्हां एकच व्यक्ति कांहीं मुलांची आई व कांहीं मुलांचा बाप असूं शकते. अशा समाजांत बायकांचें काम व पुरुषांचें काम ही वांटणीच उरत नाहीं. कल्पना अपूर्व, परंतु लेखिकेनें या सर्व माणसांसाठीं सर्वनाम वापरलें तें 'तो' हेंच. वाचकांच्या डोळ्यांपुढें मग सगळा ग्रह पुरुषांचाच उभा राहिला. ले ग्विन यांनीं प्रथम आपल्या निवडीचें समर्थन केलें, आणि सुमारें दहा वर्षांनीं त्याच लेखाला टिपा जोडून आपली चूक मोकळेपणीं मान्य केली. जुना लेख दडवून न ठेवतां त्याच्याच शेजारीं दुरुस्ती छापणें, हें धैर्य थोड्या लेखकांपाशीं असतें.

मराठींत ही कादंबरी उतरवूं म्हणणाऱ्याची अवस्था तर याहून कठीण. इंग्रजींत सर्वनाम बदललें कीं भागतें; आपल्याकडे 'आला', 'आली' यांवांचून माणूस दारांतून आंत येऊंच शकत नाहीं. नपुंसकलिंग आपल्या भाषेंत आहे खरें, परंतु तें आपण लेंकरासाठीं आणि वासरासाठीं राखून ठेवलें आहे. एखाद्या राष्ट्राच्या प्रधानासंबंधानें 'तें आलें' असें म्हणण्याची कोणाची छाती होणार?

ग्रंथपालबाई दुसऱ्या खोलींत गेल्या होत्या. तेथें विषय होता स्त्रीराज्याच्या जुन्या कथा. अमेरिकन वाचक अशा वेळीं शार्लट पर्किन्स गिल्मन यांच्या 'हरलँड' या १९१५ सालच्या कादंबरीचें नांव प्रथम घेतात. परंतु त्याच्या दहा वर्षें आधीं, १९०५ सालीं, मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्यें बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली होती. पति फिरतीवर गेले असतां घरांत एकट्या बसलेल्या या बाईंनीं ती लिहिली. तींत पुरुष पडद्यांत आहेत, त्यांच्यासाठीं मर्दाना आहे, आणि बाहेरचा कारभार स्त्रिया चालवितात. त्या सूर्याची उष्णता सांठवून स्वयंपाक करतात, ढगांतील पाणी ओढून घेतात, हवेंतून गाड्या चालवितात. शत्रूचें सैन्य आलें तेव्हां त्यांनीं सूर्याचीच प्रखर उष्णता त्याच्यावर सोडली. जिच्या स्वतःच्या शिक्षणाची सोय घरांत चोरून करावी लागली, तिनें सूर्यशक्तीवर चालणारें राज्य कल्पावें, ही गोष्ट हिंदुस्थानांतील श्रोत्यांनीं विसरूं नये.

दुपारीं तिघी खालीं भेटल्या, त्या केकच्या टेबलापाशीं. येथून खरी गोष्ट सुरू होते.

१९९१ च्या संमेलनांत पाहुण्या म्हणून आलेल्या पॅट मर्फी या लेखिकेनें भाषणाच्या शेवटीं एक घोषणा केली. केरन जॉय फौलर या मैत्रिणीबरोबर तिनें ती अर्धी थट्टेंत, अर्धी मनापासून ठरविली होती. विज्ञानकथांचीं पारितोषिकें पुरुषांच्या नांवांनीं दिलीं जातात. तेव्हां आपणही एका पुरुषाच्या नांवानें एक पारितोषिक सुरू करूं, आणि स्त्रीपुरुषभेदाविषयीं ज्या कथेनें नवा विचार दिला असेल तिला तें देऊं. पैसा कोठून आणावयाचा? तर बायकांनीं केक भाजावे आणि विकावे. श्रोत्यांपैकीं कित्येक लागलेच पाककृति देऊं लागले. पुढें तर त्या पाककृतींचें पुस्तकही छापून विकलें गेलें. पहिलें पारितोषिक १९९२ सालीं दिलें गेलें. विजेत्याला रोख रक्कम, चॉकलेट, आणि डोक्यावर घालावयाला एक मुकुट. मुकुट घालून घेतांना पोक्त पुरुष लेखकांची कशी धांदल उडत असेल, याची कल्पना करावी.

ज्या पुरुषाचें नांव या पारितोषिकाला दिलें तो जेम्स टिप्ट्री हा पुरुष नव्हताच. १९६८ पासून या नांवानें कथा येऊं लागल्या. लेखक कोणाला भेटत नसे, आवाज कोणी ऐकलेला नव्हता. पत्रें मात्र भरपूर लिही, आणि तीं मोठीं मिस्किल असत. सैन्यांत होता, सरकारी गुप्त खात्यांत होता, शिकार व मासेमारी जाणतो, एवढें पत्रांवरून कळे. १९७३ सालीं त्याची 'द विमेन मेन डोन्ट सी' ही कथा आली. एक विमान ओसाड किनाऱ्यावर पडतें. बरोबरचा पुरुष मायलेकींना धीर देण्याच्या, त्यांचें रक्षण करण्याच्या विचारांत असतो. आणि त्या दोघी परग्रहावरून आलेल्या अनोळखी प्राण्यांबरोबर निघून जातात. येथें राहण्यापेक्षां तेथें जाणें त्यांना बरें वाटतें. हा लेखक स्त्री असावा अशी कुजबुज होतीच. १९७५ सालीं रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकानें टिप्ट्रीच्या 'वॉर्म वर्ल्ड्स अँड अदरवाइज' या संग्रहाला प्रस्तावना लिहिली, आणि हें लेखन निश्चितपणें पुरुषी आहे असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीं विज्ञानकथांतील स्त्रियांविषयीं पत्ररूपानें एक परिसंवाद झाला; त्यांत टिप्ट्रीला सहानुभूति असलेला पुरुष म्हणून बोलाविलें होतें.

बिंग फुटलें तें एका मृत्यूमुळें. १९७६ च्या अखेरीस टिप्ट्रीनें पत्रांत लिहिलें कीं आई वारली. ती शिकागोची, आफ्रिकेंत प्रवास केलेली. चौकस चाहत्यांनीं शिकागोच्या वर्तमानपत्रांतील मृत्युलेख चाळले. आफ्रिकेवर पुस्तकें लिहिणाऱ्या मेरी हेस्टिंग्ज ब्रॅडली यांचा मृत्युलेख सांपडला; त्यांना एकच अपत्य, ॲलिस शेल्डन नांवाची मुलगी. साठी उलटलेली, मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळविलेली, विवाहित. सैन्य आणि गुप्त खातें हें सर्व खरें होतें. खोटें फक्त नांव होतें, आणि तें दुकानांतील मुरंब्याच्या बरणीवर वाचून घेतलें होतें. सिल्व्हरबर्गनें आपली चूक खिलाडूपणें मान्य केली. ही बातमी जगजाहीर झाली ती १९७७ च्या प्रारंभीं, म्हणजे मॅडिसनला पहिलें संमेलन भरत होतें तेव्हांच.

मराठी वाचकांना टोपणनांवाचें हें नाट्य परकें वाटणार नाहीं. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालें तेव्हां विभावरी शिरूरकर या नांवामागें कोण, यावर किती खल झाला! बाळूताई खरे यांनीं तें नांव घेतलें नसतें तर त्या कथा त्या काळीं छापल्या गेल्या असत्या किंवा नाहीं कोण जाणे. उलट, डॉ. जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या नांवानें, आपलीं आद्याक्षरें उलटीं करून. हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून तीही पत्नीकडून लिहवून घेतली. बक्षीस त्यांना मिळालें. त्यांना आपलें नांव मोठें असल्याची अडचण होती. बाळूताईंची अडचण निराळी होती, आणि ती स्पर्धेच्या निकालानें मिटणारी नव्हती.

केक खातां खातां ग्रंथपालबाईंनीं हीच गोष्ट शिक्षिकेला सुनावली. "टिप्ट्रीनें नांव लपविलें त्याला चाळीस वर्षें झालीं. तूं अजून आद्याक्षरांच्या आड कां लपतेस?"

शिक्षिका म्हणाली, "परत आलेल्या कथेवर आपलें सबंध नांव पाहावयास मला बरें वाटत नाहीं, एवढेंच."

परिचारिका तोंवर कथा वाचीत बसली होती. कथा एका म्हाताऱ्या आईची. पुढल्या शतकांत एक यंत्र तिची शुश्रूषा करतें, आणि मुलगी त्यामुळें मोकळी होते. वाचून झाल्यावर तिनें कागद खालीं ठेवले. "नांवाचें मला कांहीं कळत नाहीं," ती म्हणाली. "पण तुझी ही म्हातारी सबंध कथेंत एक वाक्य बोलत नाहीं. यंत्र बोलतें, मुलगी बोलते. तिला कोणी विचारलेंच नाहीं."

टेबलावर ज्युली फिलिप्स यांनीं लिहिलेलें टिप्ट्रीचें चरित्र पडलें होतें. तें आदल्याच वर्षीं प्रसिद्ध झालें होतें. त्याच्या शेवटाकडे बोट करून परिचारिका पुढें म्हणाली, "आणि ह्याही म्हाताऱ्याला कोणी विचारलें होतें?"

ती ज्याविषयीं बोलत होती तो प्रसंग असा. १९८७ सालच्या मे महिन्यांत ॲलिस शेल्डननें झोंपलेल्या पतीला गोळी घातली आणि मग स्वतःला. त्याचें वय ८४, दृष्टि जवळजवळ गेलेली, तिचें ७१. दोघांचा तसा करार पूर्वींच झाला होता असें सांगितलें जातें, आणि पुष्कळांनीं ही प्रेमाचीच शोकांतिका मानली. परिचारिका रोज परावलंबी रोग्यांच्या बिछान्याशीं उभी राहणारी. शुश्रूषा करणाऱ्याच्या थकव्याची तिला जाण होती. परंतु रोग्याच्या वतीनें दिलेली संमति तिला मान्य नव्हती. ग्रंथपालबाई रागावल्या. एका दुःखी बाईच्या शेवटच्या रात्रीवरून तिचें सारें लेखन तोलावयाचें काय, असा त्यांचा प्रश्न. पाव तास दोघी मोठ्यानें भांडल्या. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बायकांनींही बाजू घेतल्या, कारण त्या संमेलनाची रीतच तशी होती.

हा वाद पुढें बारा वर्षांनीं जाहीरपणें निघाला. २०१९ सालीं कांहीं अपंग वाचकांनीं व लेखकांनीं विचारलें कीं, आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाला मारणाऱ्या व्यक्तीचें नांव पारितोषिकाला असावें काय? व्यवस्थापक मंडळानें सप्टेंबरांत प्रथम नांव कायम ठेवण्याचें ठरविलें, आणि थोड्याच दिवसांत निर्णय फिरविला. नवें नांव ठेवलें 'अदरवाइज', म्हणजे अन्यथा. सिल्व्हरबर्गच्या प्रस्तावनेमुळें गाजलेल्या त्याच पुस्तकाच्या नांवांतील शेवटला शब्द. या बदलाला भित्रेपणा म्हणणारेही निघाले. तो आरोप योग्य दिसत नाहीं. 'ज्या बायका पुरुषांना दिसत नाहींत' त्यांच्यासाठीं ज्यांनीं खटपट केली, त्यांना आपल्याच खोलींतील न दिसलेलीं माणसें दाखविलीं गेलीं; त्यांनीं तीं उशिरां कां होईना पाहिलीं. शेल्डनच्या कथा कोणी जाळल्या नाहींत. त्या पूर्वींइतक्याच चांगल्या राहिल्या. पुढच्याच वर्षीं, २०२० सालीं, महामारीमुळें संमेलन हॉटेलांत भरूं शकलें नाहीं, तें संगणकांच्या पडद्यांवर भरलें. त्या वर्षीं निळ्या चौकोनांची गरज पडली नाहीं.

परंतु हें सर्व पुढचें. २००७ च्या त्या शनिवारीं संध्याकाळीं लिलांव होता. पारितोषिकाच्या निधीसाठीं तो दरवर्षीं होई. एलन क्लेजीस ही लेखिका लिलांव पुकारी, आणि तिचें पुकारणें म्हणजे एक विनोदी नाटकच असे. जुनीं पुस्तकें, हातानें विणलेल्या वस्तु, कोणाच्या तरी घरांतील अडगळ, सगळें हंशांत विकलें जाई. ग्रंथपालबाईंनीं एका जीर्ण मासिकासाठीं आपल्या ऐपतीपेक्षां अधिक बोली केली आणि तें त्यांना मिळालें. मग पैसे मोजतांना त्यांनीं परिचारिकेकडे उसने मागितले. दुपारच्या भांडणाचा निकाल एवढाच लागला.

रात्रीं उशिरां तिघी निघाल्या. परिचारिका मोटार चालवीत होती. ग्रंथपालबाई मासिक छातीशीं धरून झोंपल्या होत्या. मागच्या आसनावर शिक्षिका वाचण्याचा दिवा लावून बसली होती. तिनें कथेचें पहिलें पान काढून आद्याक्षरांवर रेघ मारली, परंतु त्या जागीं दुसरें कांहीं लिहिलें नाहीं. मग तिनें सातवें पान काढलें, जेथें यंत्र म्हातारीला उचलून खिडकीशीं बसवितें, आणि समासांत बारीक अक्षरानें लिहावयास आरंभ केला. सीमा ओलांडून गाडी इलिनॉय संस्थानांत शिरली तेव्हां समास भरला होता, आणि ती पान उलटून पाठीमागें लिहीत होती. पेट्रोलसाठीं गाडी थांबली. परिचारिकेनें वळून विचारलें, "काय म्हणते तुझी म्हातारी?"

"खिडकी नको म्हणते," शिक्षिका म्हणाली. "तिला स्वयंपाकघरांत बसावयाचें आहे."